त्रिविक्रमाचे देऊळ आणि भंगारातली मोटार

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव साहित्याच्या विद्यार्थ्याला बहुधा संत गोरा कुंभारांमुळे ठाऊक असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते प्राचीन 'तगर' म्हणून परिचित असते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तेथला माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरापर्यंत नेला जाई, असे तो ग्रंथकार सांगतो. म्हणजे या जिल्ह्याची जगाच्या इतिहासात जी पहिली नोंद झाली, तीत गाडी आहे आणि वाईट रस्ताही आहे. दोन्हींशी येथील माणसाचा संबंध अद्याप तुटलेला नाही.

याच तेरमध्ये त्रिविक्रमाचे देऊळ उभे आहे. त्याचे गर्भगृह विटांचे असून त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आहे आणि छत हत्तीच्या पाठीसारखे गोलाईचे आहे. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती. पुढे तेथे विष्णूची त्रिविक्रम मूर्ती आली आणि समोर मंडप जोडला गेला. काही अभ्यासक ही वास्तू आरंभापासूनच हिंदू होती असे मानतात. तो वाद सोडवणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. आम्हांला येथे एवढेच नोंदवायचे आहे की, जुन्या सांगाड्याला नवा मंडप जोडून लोकांनी ती वास्तू वापरात ठेवली, आणि वापरात राहिल्यामुळेच ती उभी राहिली. तिच्या काळच्या कितीतरी विटांच्या इमारती आज केवळ पांढरीच्या टेकाडांच्या रूपाने उरल्या आहेत.

मोडकळीला आलेल्या वस्तूचे माणूस तीन प्रकारे काही करू शकतो. तिला मोडीत काढता येते. तिला जिद्दीने मूळ रूपात आणता येते. किंवा तिचा जो भाग शाबूत आहे तो घेऊन, इतर ठिकाणचे भाग जोडून, तिच्यातून वेगळीच वस्तू घडवता येते. यांपैकी पहिल्या मार्गाला बाजार आहे आणि दुसऱ्याला प्रतिष्ठा आहे. तिसऱ्या मार्गाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. या लेखात आम्ही तो मोटारीच्या उदाहरणावरून पाहणार आहोत. अमेरिकेत अशा मोटारीला 'हॉट रॉड' असे स्वतंत्र नाव आहे, तिची मासिके आहेत, संघटना आहेत. आपल्याकडे तीच विद्या नावावाचून शंभर वर्षे नांदत आली आहे.

प्रथम अमेरिकेचे पाहू. फोर्ड कंपनीचे 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटीच्या संख्येने तयार झाले. एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या म्हणजे काही वर्षांनी तेवढ्याच भंगारातही येणार. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांना अशा जुन्या, आपटलेल्या, गंजलेल्या गाड्या नाममात्र किमतीत मिळू लागल्या. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन बसवले. ते ३.६ लिटरचे आणि ६५ अश्वशक्तीचे होते, तर मॉडेल टीची ताकद २० अश्वशक्तीची होती. नव्या गाडीचा अपघात झाला की तिचे इंजिन भंगारवाल्याकडे येई, आणि ते जुन्या हलक्या गाडीच्या सांगाड्यावर चढवले जाई. मडगार्ड, बॉनेट, पायदान, मागचे आसन असे जे जे वेगाला आवश्यक नाही ते काढून टाकले जाई. छताचे खांब मधून कापून छत खाली उतरवले जाई. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर या गाड्यांच्या शर्यती होत. त्या शिस्तीत व्हाव्यात म्हणून १९३७ साली तेथे एक संघटना स्थापन झाली. महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या हातात यंत्रकामाचे कौशल्य होते आणि खिशात थोडे पैसे होते. १९४८च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचे मासिकच निघाले, आणि १९५१ साली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पोलिसांनी आणि वृत्तपत्रांनी ज्यांना उनाड ठरवले होते, त्यांचा छंद दहा-पंधरा वर्षांत एक मान्य उद्योग झाला.

या मान्यतेचा एक परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. हॉट रॉड पुढे इतकी महाग, इतकी चकचकीत झाली की गरिबाच्या हाती ती राहिलीच नाही. प्रदर्शनात ठेवायची, पण रस्त्यावर न्यायची नाही, असे तिचे झाले. तेव्हा काही जणांनी मुद्दाम गंजलेला पत्रा तसाच ठेवून, मिळेल ते भाग जोडून, थोड्या पैशांत गाड्या बांधण्याची चाल पुन्हा सुरू केली. कलेच्या इतिहासात रीती साचेबंद झाली की मूळ खडबडीतपणाकडे परतण्याची जी ओढ दिसते, तिचेच हे एक रूप होय.

साहित्याच्या वाचकाला या विद्येचे दुसरे, अधिक गंभीर रूप जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या १९३९च्या कादंबरीत सापडते. जमिनीवरून हुसकले गेलेले जोड कुटुंब ज्या वाहनातून कॅलिफोर्नियाला निघते, ती मुळात हडसन बनावटीची प्रवासी मोटार आहे. तिचा मागचा भाग छन्नीने कापून तिचा ट्रक केला आहे. वाटेत सोबतच्या कुटुंबाच्या जुन्या डॉज गाडीचे बेअरिंग जळते, आणि टॉम भंगाराच्या आवारात जाऊन तशाच गाडीचा कनेक्टिंग रॉड काढून आणतो. या प्रसंगाला लेखकाने बरीच पाने दिली आहेत. कोणता नट आधी सैल करावा, तेल कोठून गळेल, बेअरिंग घट्ट कसे बसवावे हे सारे तेथे सावकाश येते. वरवर पाहता हा तपशील कथेच्या ओघात अडथळा वाटेल. परंतु ज्यांच्याकडून सगळे काही हिरावले गेले, त्यांच्याकडे हातातले ज्ञान तेवढे उरले आहे, हे त्या पानांतून कळते. एकाच देशात, एकाच दशकात, जुनी मोटार कापणारे दोन प्रकारचे लोक होते. एकाला वेग हवा होता आणि दुसऱ्याला पोहोचायचे होते.

आपल्याकडची परंपरा या दुसऱ्या प्रकाराला जवळची आहे, आणि तिची कारणे आपल्या आर्थिक इतिहासात आहेत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. फोर्डचाही मुंबईत तसा व्यवसाय होता. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. महिंद्रांनी १९४७पासून विलिस जीपची जुळणी हाती घेतली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की, ज्यांना देशात टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवायचे नसतील त्यांनी केवळ जुळणीचा धंदा करू नये. त्या धोरणामुळे १९५३-५४च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी येथून काढता पाय घेतला. धोरण योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण देशभर धावणाऱ्या हजारो शेव्हरोले आणि फोर्ड गाड्या त्यामुळे एकाएकी पोरक्या झाल्या. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी आणि जुनीचे भाग मिळेनासे झालेले, अशा कात्रीत जो सापडला तो आपल्याकडचा मिस्त्री. अमेरिकेतल्या मुलासमोर भंगाराचा डोंगर होता. आपल्या मिस्त्रीसमोर भंगारही मोजकेच होते. तेथे सुबत्तेच्या उकिरड्यातून जे जन्मले, ते येथे टंचाईतून जन्मले.

धाराशिवच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हा जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन रस्तेवाहतूक सुरू केली. सरकारी प्रवासी वाहतुकीचा हा देशातील फार जुना प्रयोग होय. त्यांतील एक अॅल्बियन बनावटीची बस हैदराबादेत आजही जपून ठेवलेली आहे. निजामाची १९१२ची रोल्स रॉइस तर जगप्रसिद्धच आहे. राजाची मोटार आणि खात्याची बस यांचा इतिहास अशा रीतीने जतन होतो. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६१ साली येथील बसव्यवस्था राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली, आणि १९८२ साली जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. या साऱ्या काळात तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, कळंब, परंडा या रस्त्यांवर माणसे आणि माल वाहणाऱ्या खासगी जीपगाड्या, 'काळी-पिवळी' आणि 'टमटम' यांची दप्तरी नोंद क्रमांकापलीकडे फारशी नाही. त्यांचा खरा इतिहास त्यांच्या अंगावरच लिहिलेला असे. एकीचा दरवाजा दुसरीचा, दुसरीचे पुढचे पाटे तिसरीचे.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अन्यथा 'जुगाड' या एका शब्दाखाली सारे झाकले जाते आणि त्यातील विचार दिसत नाही. गाडी जबर आपटली असेल तर मिस्त्री प्रथम पत्र्याकडे पाहत नाही, सांगाड्याकडे पाहतो. चॅसीच्या चार ठरावीक बिंदूंमधून दोरी धरून दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे भरले नाहीत, तर सांगाडा मुरडला आहे. अशी गाडी कितीही रंगवली तरी सरळ चालणार नाही, आणि तिचे टायर एका बाजूने झिजत राहतील. सांगाडा सरळ झाल्यावर गंज खरवडायचा. जेथे पत्रा चाळणीसारखा झाला असेल तो कापून टाकायचा आणि तेथे नव्या पत्र्याचे ठिगळ वेल्ड करायचे. नुसती पुट्टी भरली, तर गंज आतून वाढत राहतो आणि दोन पावसाळ्यांत ठिगळ गळून पडते.

खरी परीक्षा इंजिन बदलताना होते. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हा जुन्या पेट्रोल जीप आणि मोटारींच्या पोटात डिझेल इंजिने बसवण्याचे काम देशभरातल्या गॅरेजांनी केले. विहिरीवरच्या पंपामुळे डिझेल इंजिन गावात आधीच माहितीचे झाले होते. मात्र डिझेल इंजिन जड असते, म्हणून पुढच्या कमानपाट्यांत एखाददुसरे पान वाढवावे लागते. ते कमी फेऱ्यांवर ताकद देते, म्हणून मागच्या क्राऊन-पिनियनचे दात जुन्याच प्रमाणात ठेवले तर गाडी जोर दाखवते पण पळत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोके एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून दोहोंमध्ये लेथवर कातलेला जाड पोलादी पाट बसवावा लागतो. तो किंचितही तिरका बसला, तर क्लच टिकत नाही. वेग आणि वजन वाढवले तर ब्रेकही वाढवायला हवेत, हे तर सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच पैशांअभावी बहुधा मागे पडते. येथे एक भाग बदलला की सारी रचना पुन्हा विचारात घ्यावी लागते. कवितेतला एक शब्द बदलल्यावर चरणाची लय पुन्हा तपासावी लागते, तसाच हा प्रकार आहे.

ही विद्या कोठून आली? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथाला 'गावगाडा' हे नाव दिले. गावाची व्यवस्था म्हणजे एक गाडा, हे रूपक मराठी मनाला इतके सहज वाटले की आपण ते रूपक आहे हेच विसरलो. बैलगाडी ही एकदा घेऊन संपणारी वस्तू कधीच नव्हती. आरे झिजले की सुताराकडे, धाव सैल झाली की लोहाराकडे. धाव भट्टीत लाल करून लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची. लोखंड तापले की वाढते आणि निवले की आकसते, हे ज्ञान त्या कृतीत होते. वीस वर्षांनी त्या गाडीत मूळचे लाकूड किती उरले, असा प्रश्न कोणी विचारला नाही. गाडी तीच होती, कारण धनी तोच होता आणि वाट तीच होती. पुढे त्याच हातांनी मोटारीचा आख आणि रबरी टायर घेऊन बैलगाडीला बसवले, आणि टायरची गाडी साखर कारखान्यांच्या वाटेवर दिसू लागली. गॅरेजचा पहिला अध्याय लोहाराच्या ऐरणीवर लिहिला गेला आहे, असे आम्हांला वाटते. मात्र या ऐरणीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. बलुत्याच्या व्यवस्थेत हे ज्ञान जातीने बांधलेले होते. त्याचे मोल धान्यात मिळे, मान मिळत नसे, आणि ग्रंथात त्याला जागा तर नव्हतीच.

या हातांना कधीकधी स्वतंत्र गाडी घडवण्याची स्वप्नेही पडली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली एक छोटी मोटार तयार केली, आणि 'मीरा' या नावाने तिच्या सुधारित आवृत्त्या १९७०च्या दशकापर्यंत ते घडवत राहिले. शालेय शिक्षण बेताचे असलेल्या या माणसाने स्वस्त, लहान, भारतीय मोटारीची कल्पना मारुती ८०० रस्त्यावर येण्याच्या, म्हणजे १९८३च्या, कितीतरी आधी प्रत्यक्षात आणली होती. मीरा बाजारात मात्र कधीच आली नाही. परवान्यांच्या त्या काळात मोटार घडवणे आणि मोटार विकण्याची परवानगी मिळवणे या दोन निराळ्या विद्या होत्या.

अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावचे आहे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी जुन्या वाहनांचे भाग जमवून सुमारे साठ हजार रुपयांत एक छोटी चारचाकी तयार केली. तिचा चेहरा जीपसारखा, आणि ती दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होते. डिसेंबर २०२१मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र पसरली. आनंद महिंद्रा यांनी, गाडी नियमांत बसत नसली तरी तिच्यामागील कल्पकतेचे कौतुक केले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये तो बदल झाला. या घटनेत आनंद मानण्यासारखे पुष्कळ आहे. तथापि आम्हांला एक गोष्ट खटकते. वृत्तपत्रांनी या गाडीकडे एका माणसाचा चमत्कार म्हणून पाहिले. आडनाव लोहार, व्यवसायही लोखंडकामाचा, आणि हाताशी पिढ्यांचे ज्ञान, हे सारे समोर असताना त्यामागची परंपरा कोणाला दिसली नाही. अमेरिकेत असा माणूस एका प्रवाहाचा प्रतिनिधी ठरतो. आपल्याकडे तो अपवाद ठरतो, कारण आपण प्रवाहाला नाव दिलेले नाही.

नाव नसण्याचा सर्वांत मोठा फटका कायद्यात बसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते. निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलाहून वेगळे असे काही करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले. त्याआधी २०१३ साली उत्तरेकडील 'जुगाड' गाड्यांविषयी निर्णय देताना न्यायालयाने त्याही मोटार वाहनच होत, म्हणून नोंदणी-विम्याचे नियम त्यांनाही लागू, असे म्हटले होते. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने प्राचीन मोटारींसाठी निराळी नोंदणी आणली. तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. चॅसी, बाह्य ढाचा किंवा इंजिन यांत मोठा बदल केला असेल, तर तो मान मिळत नाही. म्हणजे १९४८ची एखादी जीप गोदामात झाकून ठेवली असेल तर ती वारसा आहे. तिच्यात १९७५ साली डिझेल इंजिन घालून तिने पुढे तीस वर्षे उमरग्याच्या बाजारी माणसे वाहिली असतील, तर ती भंगार आहे.

आम्ही या नियमांची चेष्टा करत नाही. ब्रेक न वाढवता इंजिन वाढवलेल्या गाडीत बसून जाणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न खरा आहे, आणि जिल्ह्याच्या रस्त्यांवर त्याची किंमत लोकांनी मोजली आहे. सुरक्षिततेची तपासणी हवीच. आमचा आक्षेप आहे तो वारशाच्या व्याख्येला. 'मूळ' म्हणजेच मौल्यवान, आणि वापरातून पडलेला बदल म्हणजे डाग, ही दृष्टी इतिहासाची नाही, संग्राहकाची आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा पेच नवा वाटू नये. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, 'ज्ञानेश्वरी'ची संहिता शुद्ध केली. शिरलेले पाठ काढून ग्रंथ मूळ रूपाकडे नेण्याचा तो प्रयत्न होता, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी त्यांची ताकीद होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांना बीड जिल्ह्यातील पाटांगण येथे त्याहून जुनी म्हणून एक पोथी मिळाली आणि १९०९ साली त्यांनी ती छापली. मुळाचा हा शोध मराठी विद्वत्तेचे भूषण आहे. पण त्याच मुलखात, त्याच काळात, जात्यावर बसलेल्या बाया जनाबाईच्या नावाने नवनव्या ओव्या रचत होत्या. कीर्तनकार जुन्या आख्यानाला चालू काळाचे दृष्टान्त जोडत होते. तेथे मूळ पाठ असा नव्हताच, आणि जो बदल करी तोच परंपरा पुढे नेई. आपण वर्गात दोन्हींना वाङ्मय म्हणतो. पहिल्यासाठी संपादनाचे शास्त्र आहे आणि दुसऱ्यासाठी लोकसाहित्याचे. मोटारीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे पहिलेच शास्त्र आले, दुसरे आले नाही.

क्लोद लेव्ही-स्त्रोस या मानववंशशास्त्रज्ञाने १९६२च्या आपल्या ग्रंथात, हाताशी असलेल्या जुन्या तुकड्यांतून नवे काही जुळवणाऱ्या कारागिराची आणि योजनेप्रमाणे नवे साहित्य मागवणाऱ्या अभियंत्याची तुलना केली. आपल्या विद्यापीठांतून ती संज्ञा कवितेच्या आणि कादंबरीच्या चर्चेत पुष्कळ फिरते. परंतु ज्या कारागिरावरून ती सुचली, त्याच्या दारात आपण जात नाही. तो विद्यापीठाच्या फाटकासमोरच, पत्र्याच्या शेडखाली बसलेला असतो.

धाराशिवला 'पुन्हा बांधणे' ही केवळ चर्चेची बाब नाही, याची आठवण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेने दिली आहे. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. आखीव रस्ते, सारखी घरे, सारखे अंतर, असा त्यांचा आराखडा होता. याच कार्यक्रमात आणखी एक, कमी गाजलेले काम झाले. तडे गेलेली जुनी घरे न पाडता त्यांची दुरुस्ती आणि मजबुती करण्याचे ते काम होते. त्यात घरमालक स्वतः सहभागी होता आणि गवंड्याला भिंतीचे दगड एकमेकांत कसे गुंतवावेत हे नव्याने शिकवले गेले. नवी गावे छायाचित्रांत आली. दुरुस्त झालेल्या घरांचे छायाचित्र काढण्यासारखे काही नव्हते. पण कारागिराच्या जुन्या पद्धतीला नव्या शास्त्राची जोड दिली, तर ती पद्धत सुरक्षितही होते, हे त्या कामाने दाखवले. घराच्या बाबतीत जे शक्य झाले, ते गाडीच्या बाबतीत का होऊ नये? मिस्त्रीला ब्रेकचे गणित शिकवून, त्याच्या कामाची तपासणी करून, त्याला दाखला देण्याची व्यवस्था अनेक देशांत आहे. ती आपल्याकडे नसेल, तर तो दोष मिस्त्रीचा नव्हे.

शेवटी प्रश्न उरतो तो आपल्या, म्हणजे साहित्यवाल्यांच्या, जबाबदारीचा. सुबोध घोष यांची 'अजान्त्रिक' ही बंगाली कथा १९४० सालची. ऋत्विक घटक यांनी १९५८ साली तिच्यावर चित्रपट केला. बिमल नावाचा टॅक्सीचालक आणि त्याची खिळखिळी शेव्हरोले 'जगद्दल' यांच्या नात्याची ती गोष्ट आहे. अखेरीस जगद्दल भंगारात जाते आणि तिचा हॉर्न एका लहान मुलाच्या हाती खेळणे म्हणून उरतो. २०१४च्या 'एलिझाबेथ एकादशी' या मराठी चित्रपटात पंढरपुरातील मुलाच्या वडिलांनी स्वतः घडवलेली सायकल केंद्रस्थानी आहे. मराठी ग्रामीण साहित्यात एसटी आली, तिचा थांबा आला, वाहकही आला. पण गॅरेज, तेथील उमेदवारी करणारे पोर, त्याच्या हातावरचे काळे वंगण आणि त्याला कळलेले यंत्र हे आमच्या वाचनात फारच थोड्या ठिकाणी आले आहे. दलित आत्मकथनांनी श्रमाचे जग मराठीत आणले, तेव्हा भाषाच बदलली होती. कामाची भाषा आली की असेच होते.

ही भाषा आज बोलली जाते आहे, एवढ्यात ती टिपून ठेवली पाहिजे. पाना, कानस, छन्नी, पकड, वायसर, पाटा, आख, बुश, किंगपिन. यांतले काही शब्द बैलगाडीचे आहेत, काही विलायतेहून आलेले आणि येथे घासून-कातून बसवलेले. गाडीच्या सामानाच्या कप्प्याला आपण 'डिक्की' म्हणतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारींना मागे उघडणारे जे जादा आसन असे, त्याचे ते इंग्रजी नाव. ते आसन गेले, त्या गाड्या गेल्या, इंग्लंडमध्येही तो शब्द मागे पडला. आपण मात्र तो सुटा भाग जपून नव्या गाडीला बसवला.

तेरच्या देवळात गेल्यावर कोणी विटा मोजून मूळच्या किती आणि नंतरच्या किती, असे विचारत नाही. अभ्यासकाने ते अवश्य विचारावे, कारण ते त्याचे कामच आहे. पण दोन्ही प्रकारच्या विटांवर एकच छत आहे, हेही त्याने लिहून ठेवावे. रस्त्याकडेच्या शेडखालील जीप पुढच्या वेळी दिसेल, तेव्हा तिच्या मिस्त्रीला तिचा कोणता भाग कोठून आला हे विचारावे आणि तो सांगेल ते उतरवून घ्यावे. आमच्या मते महाविद्यालयातील एका वर्गाने एका सत्रात एवढे केले, तरी या जिल्ह्याच्या इतिहासाला एक नवे साधन मिळेल.